किसन वल्द सोमाजी

आमच्या अंगणात दोन सदाशिव होते. एक माझे बाबा. त्यांचं ते जन्माचं नाव. दुसरे किसनकाका, बाबांचे धाकटे भाऊ. त्यांना ते नाव गिरणीने चिकटवलं होतं. सुरुवातीच्या वर्षांत रस्त्यावरून कुणी "ए सदाशिव" अशी हाक मारली की दोघेही वळून बघत आणि माय चुलीपाशी बसल्या बसल्या हसत असे. खुर्सीपारच्या आमच्या गल्लीत याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. या पुस्तकात मागे एका प्रकरणात मी लिहून गेलो आहे की काकांचा मदतीचा अर्ज सरकारने फेटाळला. ते खोटं आहे. जे घरात आणि नातलगांत आयुष्यभर सांगत आलो, तेच सवयीने कागदावरही उतरलं. ते वाक्य मी खोडलेलं नाही, तसंच राहू दिलं आहे. त्याच्यासमोर हे प्रकरण ठेवतो.

बाबा भंडाऱ्याकडच्या गावातून आले तेव्हा पोलादाच्या प्लांटमध्ये सहजासहजी घेत नसत. रुळांच्या पलीकडे एक लहानशी कापडगिरणी होती, तिच्यात ते लागले. तिथे मच्छरदाणीचं सुती जाळीदार कापड विणलं जाई, म्हणून सगळे तिला जाळी मिल म्हणत. प्रत्येक कामगाराला पितळेचा एक बिल्ला असे. आत जाताना तो फाटकावरच्या फळीला टांगायचा, सुटी झाली की काढून घ्यायचा; हजेरी माणसाची नसे, बिल्ल्याची असे. भाताच्या रोवणीच्या दिवसांत आमची माणसं गावी जात. मग बिल्ला भावाकडे किंवा साळ्याकडे देऊन जात, आणि तो त्यांच्या जागी मागावर उभा राही. मुकादमाला हे सगळं ठाऊक असे. माग थांबला नाही म्हणजे झालं. पुढे बाबांना प्लांटमध्ये खलाशाचं, म्हणजे अवजड सामान हलवण्याचं, काम मिळालं तेव्हा त्यांनी आपला बिल्ला नुकत्याच गावाहून आलेल्या किसनकाकांच्या हातात दिला आणि म्हणाले, एखाद-दोन महिने उभा राहा, मग नाव बदलून घेऊ. नाव बदलायचं तर काकांना नवा माणूस म्हणून शेवटच्या पायरीवर, बदली कामगार म्हणून लागावं लागलं असतं. आज काम आहे, उद्या नाही. त्यापेक्षा आहे ते बरं, असं म्हणत म्हणत बारा वर्षं गेली. काकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पगाराच्या रजिस्टरवर सही करायला म्हणून ते एकच शब्द लिहायला शिकले, तो म्हणजे 'सदाशिव'.

काकांचं बिऱ्हाड आमच्याच अंगणात, समोरच्या खोलीत. मधे एक मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड. सकाळी प्लांटचा भोंगा आणि मिलचा भोंगा थोड्या अंतराने वाजत. एक जाडा, दुसरा किरटा. किरटा वाजला की शेवंताकाकू डब्याचं झाकण दाबून बसवायची. डब्यात भात आणि लाखोळीची डाळ, कधी सुकटीची चटणी. उन्हाळ्यात आदल्या दिवसाचा भात पाण्यात भिजवलेली बासी, वर कांदा. हे ती इथल्या छत्तीसगढी शेजारणींकडून शिकली होती. काका संध्याकाळी परतत तेव्हा भुवयांवर, कानांच्या केसांवर कापसाची बारीक लव असे. आधी ती झटकायची, मग आत यायचं, असा काकूचा नियम. मागांच्या खडखडाटाने काही वर्षांतच त्यांचे कान गेले. घरातही ते मोठ्याने बोलत आणि समोरच्याच्या ओठांकडे बघून त्याचं बोलणं समजून घेत. लहानपणी मी आवाज न काढता नुसते ओठ हलवून त्यांना शिव्या देत असे आणि ते बरोबर ओळखून माझ्या पाठीत धपाटा घालत. डब्यातला शेवटचा घास ते नेहमी ठेवून आणत. तो माझा. डाळीला थोडा कापसाचा वास येई. अजूनही कुठे नवी गादी भरत असले की मला लाखोळीच्या डाळीची आठवण होते.

मिल बंद पडायच्या वर्षभर आधी आमच्या घरात नायलॉनची मच्छरदाणी आली. मायने ती पॉवर हाउस भागातल्या बाजारातून आणली होती. परदेशातून येणारी ती जाळी हलकी, झिरझिरीत, निळी होती. धुतली की तासाभरात वाळायची. आणि सुती जाळीपेक्षा ती कितीतरी स्वस्त होती. मायने ती काकांना दिसू नये म्हणून दोन दिवस पेटीत ठेवली. पण डासांनी हैराण केलं आणि तिसऱ्या दिवशी ती टांगली गेली. काका आले, दोन बोटांत जाळी धरून उजेडाकडे करून पाहिली. म्हणाले, "मजबूत हाय वहिनी. आमची नाई टिकत याच्यापुढे." मग काकूला आवाज देऊन म्हणाले की आपल्यालेही एक आणून टाक. हे ते चिडून म्हणाले नव्हते. चांगलं विणलेलं त्यांना चांगलं दिसत असे, मग ते कुणीही विणलेलं असो. मिलच्या गोदामात तेव्हा गठ्ठ्यांवर गठ्ठे पडून होते. एक दिवस फाटकाला कुलूप लागलं आणि किरटा भोंगा वाजायचा थांबला. कित्येक दिवस काकू त्या वेळेला डब्याकडे बघायची.

काही महिन्यांनी सरकारची मदत जाहीर झाली. बाहेरच्या मालामुळे ज्यांची गिरणी कायमची बंद पडली, त्या कामगारांना तीन वर्षं थोडीफार रक्कम मिळणार होती, दर वर्षी कमी होत जाणारी, आणि तेवढ्यात दुसरं काम शिकून घ्यायचं होतं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन आयटीआय संपवून बसलो होतो. माझं हिंदी अक्षर चांगलं होतं. काकांनी मिलच्या बंद फाटकासमोरच्या चहाच्या ठेल्यावर मला एक बाकडं मिळवून दिलं आणि माणसं धरून धरून आणली. "माहा पुतन्या हाय. सायबावानी लिहितो," असं ते मोठ्याने, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगत. मी कार्बन पेपर घालून अर्ज भरत असे. मला फार भारी वाटायचं. माझ्या बापाच्या वयाची माणसं माझ्यापुढे टोपी हातात घेऊन उभी राहत आणि मी न बघता विचारी, नाव? वडिलांचं नाव? बिल्ला नंबर?

सगळ्यांचे झाल्यावर काका स्वतः बाकड्यावर बसले. तेव्हा माझा हात थांबला. अर्जात एक रकाना होता: अर्जदार सध्या दुसऱ्या कुठल्या नोकरीत आहे का? हजेरीवर नाव सदाशिव. आणि सदाशिव तर प्लांटमध्ये होते. मी काकांना समजावलं की बाबांच्या नावाने भरलं तर ते खोटं होईल आणि पकडलं जाईल. तुमच्याच नावाने भरू, खरं काय ते सगळं लिहू, सोबतच्या दोन मागवाल्यांची साक्ष जोडू. हा सल्ला माझाच होता आणि तो बरोबर होता, हे मुद्दाम लिहून ठेवतो. म्हणजे पुढे जे केलं ते न कळून केलं, असं कुणी म्हणणार नाही. अर्जावर काकांना अंगठा चालला असता. पण ते म्हणाले, "नाई. आपलं नाव हाय तं आपन लिहू." दोन संध्याकाळी ते अंगणात माझ्या जुन्या पाटीवर 'किसन' गिरवत बसले. काकू समोर डाळ निवडत बसायची आणि चिडवायची, की बारा वर्षं जेठाच्या नावानं राहिले, आता स्वतःचं नाव शिकून राहिले, म्हातारपणी अजून कोणतं शिकाल? काका ओठ बघून हसत. 'कि'ची वेलांटी त्यांना जमत नव्हती, ती दर वेळी उलट्या बाजूला जायची.

दुर्ग शहरातल्या श्रम दफ्तरातले एक निरीक्षक चौकशीला आले. सडपातळ, खोकणारे गृहस्थ. त्यांनी काकांना जुन्या मिलच्या ओसरीवर बसवलं, तुटलेला धागा कसा जोडायचा ते करून दाखवायला सांगितलं. हातात धागा नव्हताच. काकांनी आपल्याच धोतराच्या काठाचा दोरा काढला आणि क्षणात गाठ मारून दाखवली. निरीक्षक हसले. मला बाजूला घेऊन ते हिंदीत म्हणाले की माणूस विणकर आहे यात शंका नाही, पण कागदाला कागद लागतो. मोठ्या भावाने येऊन लिहून द्यायला हवं की बिल्ला मी यांना दिला होता आणि तेव्हापासून मागावर हेच होते. सुनावणीची तारीख पत्राने कळवू, त्या दिवशी दोघा भावांना घेऊन ये, मी आहे. या माणसाचं नाव मला आठवत नाही. त्यांच्या दफ्तराला मी इतकी वर्षं काकांवरच्या अन्यायाचा दोष दिला, आणि तिथे तो एक भला माणूस बसला होता.

त्या दिवशी जेवताना मी हे घरी सांगितलं. बाबा जेवत होते. काका म्हणाले की दादाच्या नोकरीला धोका असेल तर राहू दे, मी दुसरं काही करीन. मिलच्या हजेरीत बारा वर्षं सदाशिव, प्लांटच्या हजेरीतही तेच बारा वर्षं सदाशिव. हे स्वतःच्या सहीने कबूल करायचं म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होतं. चौकशी लागू शकली असती. नोकरी गेली असती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. बाबांनी ताटात पाणी ओतलं, बोटं धुतली आणि काका बघतील अशा बेताने तोंड वर करून म्हणाले, "मीच देल्ला होता नं तुले बिल्ला? मंग मीच सांगीन. सायबानं बलावलं का मी येतो. नोकरी जाते तं जाऊ दे."  मायने काकांच्या ताटात अजून भात वाढला. एवढंच झालं. पण ठरलं, हे सगळ्यांना समजलं.

त्याच महिन्यात प्लांटच्या अप्रेंटिसांच्या यादीत माझं नाव लागलं. माझी पडताळणी व्हायची होती. तिच्या कागदात वडिलांची नोकरी, विभाग, वर्तणूक, सगळं मागितलं होतं. वडिलांवर चौकशी चालू असलेल्या मुलाला कोण घेईल, असं माझ्या डोक्यात बसलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित कुणी सांगितलं असतं की तसा काही नियम नाही. मी सकाळी उठे, बाबा डबा घेऊन निघताना पाही, आणि मनात म्हणे की पत्र येऊ नये. काका रोज दुपारी मुनग्याखाली खाटेवर बसून पोस्टमनची वाट बघत. "हमारा कुछ आया क्या, बाबू?" ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येईल असं विचारत. पोस्टमन मान हलवून पुढे जाई.

पत्र आलं ते माझ्याच हातात. मी सायकलवरून बाजारात निघालो होतो. पोस्टमनने मला कोपऱ्यावर थांबवलं. तो इथलाच, छत्तीसगढी माणूस. लिफाफा उलटसुलट करत म्हणाला, "ये किसन वल्द सोमाजी कोन हे जी? ए गली म तो कोनो नइ जानय." खरंच कुणाला ठाऊक नव्हतं. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. सोमाजी माझे आजोबा, ते तर गावीच वारले होते. आणि काकांना गल्ली सदाशिव म्हणे, नाहीतर मिलवाला. रोज खाटेवरून जो विचारत होता, त्याच माणसाचं हे पत्र आहे, हे पोस्टमनला कळायला काही मार्ग नव्हता. मी म्हणालो, आमच्याकडचंच आहे, द्या. त्याने दिलं. मी ते रुळांजवळ जाऊन फोडलं. पुढच्या आठवड्यातल्या एका दिवसाची सकाळ लिहिली होती. मोठ्या भावासह उपस्थित राहावे. न आल्यास अर्ज मागे घेतला असे समजण्यात येईल. बाबा गेले नसते अशी शंका असती, तर मी ते पत्र त्यांना दिलं असतं. बाबा जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच मी ते शर्टाच्या आत घातलं.

सुनावणीचा दिवस बुधवार होता. काका त्या सकाळी खाटेची दोरी आवळत होते. मी घरात राहू शकलो नाही. चरोद्यापर्यंत सायकल मारत गेलो आणि रेल्वे यार्डात डबे एकमेकांना धडकताना बघत बसलो. नंतर दोन आठवड्यांनी काकांनीच मला म्हटलं की बाबू, जरा दुर्गला जाऊन विचारून ये. त्यांनी बससाठी सुटे पैसे दिले. मी बस स्टँडपर्यंत गेलो, एका बाकावर दुपारभर बसलो आणि परत आलो. काका अंगणाच्या फाटकाशीच उभे होते. खोटं बोलताना माझा आवाज कापला असता तरी त्यांना ऐकू गेला नसता. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी म्हणालो, नामंजूर. ते पुन्हा म्हणायला लावतील असं वाटलं होतं, पण त्यांना पहिल्यांदाच कळलं. मला रडू फुटलं; ते भीतीचं होतं की कशाचं, ठाऊक नाही. काकांनी माझ्या मानेवर हात ठेवला. "तू कावून रडून राहिला बे? तू तं सारं बरोबर लिहलं होतं," ते म्हणाले. "हजेरीत आपलं नावच नाई तं ते तरी का करतीन."

त्या संध्याकाळी बाबा कामावरून आले तेव्हा काकांनीच त्यांना सांगितलं. बाबा खूप वेळ हातपाय धूत राहिले. म्हणाले, मले बलावलं असतं तं मी गेलो असतो. मी घरात होतो, ऐकत होतो. ते वाक्य मी त्यानंतर अनेकदा ऐकलं. दर काही वर्षांनी, सणावाराला, कुणी जुन्या मिलचा विषय काढला की बाबा तेच म्हणत, आणि मी मान हलवत असे.

मला अप्रेंटिस म्हणून घेतलं. पुढे नोकरी लागली, प्लांटच्या सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं, आंब्याचं झाड असलेलं. काका चरोद्याच्या माल यार्डात हमाली करायला लागले. सिमेंटची, खताची पोती. ज्या बोटांनी तुटलेला धागा क्षणात जोडला जाई, त्या बोटांना पोत्याच्या कानांनी भेगा पडल्या; रविवारी आमच्याकडे आले की ती बोटं ते मांडीखाली लपवत. माझ्या बायकोला ते अभिमानाने सांगत की याचं अक्षर फार सुंदर, मिलचे सारे अर्ज यानंच लिहिले. ती मला नंतर विचारी की तुम्ही असे खाली मान घालून का बसता. ते गेले तेव्हा म्हातारेही झाले नव्हते. मिलमधले दोघे-तिघे जुने सोबती निरोप ऐकून धावत आले आणि अंगणात शिरताना एकाने विचारलं, "सदाशिव गेला म्हणे?" माझे बाबा तिथेच, सुतळीच्या खाटेवर बसले होते. ते उठून उभे राहिले.  पुढे बाबाही गेले. त्यांना मी सांगितलं नाही. शेवटच्या आजारात सहा आठवडे मी त्यांच्या उशाशी होतो, वेळ भरपूर होता.

ते पत्र मी फाडलं नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. आयटीआयच्या सर्टिफिकेटांच्या फायलीत ते होतं, प्रत्येक घर बदलताना माझ्यासोबत आलं. आता राज्य वेगळं झालं, दफ्तरं बदलली, मिलच्या जागी गोदामं उभी राहिली. रिटायर झाल्यावर हे पुस्तक लिहायला घेतलं आणि काकांचं प्रकरण आलं तेव्हा हात आपोआप तेच जुनं वाक्य लिहून गेला. छापून आल्यावर माझी नातवंडं, ज्यांना मराठी वाचताना अडखळायला होतं, तीही तेच शिकली असती. मग फाइल उघडली.

मागच्या आठवड्यात मी खुर्सीपारला गेलो. शेवंताकाकू त्याच खोलीत मुलीकडे, मंदाकडे राहते. ऐंशीच्या पुढची आहे, पण डोळे शाबूत. सुपात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. मंदा कामावर गेली होती. मी म्हणालो, काकू, एक वाचून दाखवायचं आहे, आणि वरचं हे सगळं, नामंजूरपर्यंतचं, तिला वाचून दाखवलं.  ती खडे काढून बाजूला टाकत राहिली. मी थांबलो तरी तिचे हात थांबले नाहीत. मग तिने विचारलं, "तो कागद हाय का तुह्यापाशी?" मी काढून दिला. घड्यांवर पार विटलेला, टाइपची शाई तपकिरी झालेली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी पुढे वाकून नाव दाखवायला बोट नेलं. तिने माझा हात बाजूला केला. कागद उजेडाकडे धरला, बोट पहिल्या ओळीवरून सरकवत आणलं आणि बरोबर 'किसन'वर थांबवलं.

"दोन संध्याकाळ अंगनात हेच लिहून राहिले होते," ती म्हणाली. "मले तेवढंच वाचता येते."

 तिने कागदाची घडी केली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. "हे राहू दे माह्यापाशी," ती म्हणाली. मग सूप मांडीवर ओढून घेतलं. "तू जाय आता."